पंचावन्न मणांचे पेव

माघ शुद्ध दशमी. पहाटे गारठा, दुपारी स्वच्छ ऊन, वारा पश्चिमेचा आणि बेताचा.

वर्ष मात्र सांगता येणार नाही. गोष्ट इतकी जुनी आहे की त्या वेळी राज्य कुणाचे होते, हेही आता कुणाला आठवत नाही. त्या राज्यात नदीच्या वळणावर एक गाव होते. लहानांनी ही गोष्ट नीट ऐकावी आणि मोठ्यांनी जरा अधिक नीट ऐकावी, कारण अशा चुका मोठ्यांच्याच हातून होतात.

त्या गावाबाहेरच्या माळाची माती कडक आणि कोरडी होती. लोक तिथे पेवे खणत आणि त्यांत ज्वारी साठवत. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातला मोठा रांजणच समजा. वरचे तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढे, त्याखाली दोन हात खोल गळा, आतले पोट रुंद. आत आठ दिवस धग ठेवून भिंती खडखडीत वाळवायच्या, काडाचा थर द्यायचा, ज्वारी ओतायची, तोंडावर शिळा ठेवायची आणि ती मातीने लिंपायची. अशा पेवात ज्वारी तीन-चार वर्षे राहते. तिला कीड लागत नाही.

पेवाचे नियम दोनच होते. पहिला, पेव गळ्यापर्यंत भरलेले हवे. वर पोकळी राहिली तर तिथली हवा धान्य खराब करते. दुसरा, पेव एकदा फोडले की सगळे रिकामे करायचे. दोन पायल्या काढून घेऊ आणि पुन्हा झाकून ठेवू, हे पेवाला चालत नाही. वारा लागलेले धान्य घाम धरते आणि महिन्याभरात तळापर्यंत आंबते.

एवढी खटपट लोक करत, त्याला कारण होते. सुगीत ज्वारीचा भाव मणाला चार नाणी असे. पण तीन-चार वर्षांत एकदा तरी पाऊस ओढ देई, आणि मग तीच ज्वारी नवाला किंवा दहाला जाई. त्या वेळी ज्याचे पेव भरलेले असे, त्याचे एखादे मोठे काम होऊन जाई.

गावात सटवाजी नावाचा सुतार होता. नांगर, कुळव, गाड्यांची चाके, लोकांच्या घरांची दारे, सगळे तोच करी. वर्षभर काम करायचे आणि सुगीत प्रत्येक खळ्यावर जाऊन ठरलेले बलुते, म्हणजे आपल्या कामाच्या वाट्याची ज्वारी, घेऊन यायची, अशी रीत होती. मिळकत वर्षातून एकदाच यायची, तीही एकदम.

सटवाजीला स्वतःचे घर नव्हते. तो, त्याची बायको येसू आणि दोन मुली तेल्याच्या गोठ्यात राहत. मध्ये कुडाची आडभिंत होती. पलीकडे तेल्याचे बैल, अलीकडे सुताराचे बिऱ्हाड. कुडाला एक भोक पडले होते आणि त्यातून एक बैल अधूनमधून तोंड घालून चुलीकडे बघत असे. भाडे म्हणून वर्षाला दोन मण ज्वारी जाई. येसूला दोन खोल्यांचे घर हवे होते. जागा, दगड, कौले, लाकूड आणि मजुरी धरून त्याला तीनशे नाणी लागणार होती. हा हिशेब तिने इतक्यांदा केला होता की थोरली मुलगीही तो पाठ म्हणून दाखवी.

त्या वर्षी पीक चांगले आले आणि सटवाजीला बलुत्याची साठ मण ज्वारी मिळाली. एवढी कधीच मिळाली नव्हती. माघ शुद्ध दशमीला गोठ्यात ज्वारीची रास पडली आणि बैलाचे तोंड कुडातून बाहेर निघेना.

"आता आपणही पेव करायचं," सटवाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो लिंबाजीबाबांना घेऊन माळावर गेला. लिंबाजीबाबा गावातले पेव खणणारे. चाळीस वर्षे हेच काम करून त्यांची पाठ पेवाच्या आतल्या भिंतीसारखी गोल झाली होती.

"किती मणाचं खणू?" बाबांनी विचारले.

"साठ मण आलीय, बाबा."

"आली किती ते नाही विचारलं. राहणार किती?"

सटवाजीने बोटे मोजली. राजाचा वाटा दहावा, म्हणजे सहा मण. घरात वर्षाचे खाणे अठरा मण. भाडे, तेल, मीठ, कापड मिळून सहा मण. "तीस मण राहते," तो म्हणाला.

"मग तीस मणाचं पेव. तीन वर्षं हात लावू नकोस. तीस मणाचे दहाच्या भावानं तीनशे होतात. येसूचं घर झालं."

एवढ्यात पाटील घोड्यावरून माळ बघत आले. त्यांची दोन पेवे शेजारीच होती, एक ऐंशी मणांचे, एक शंभराचे. बाबांनी जमिनीवर ओढलेली खुणेची रेघ त्यांनी वरूनच पाहिली.

"काय सुतार, रांजण पुरताय वाटतं?"

"पेव आहे, पाटील. तीस मणाचं."

"तीस मणाचं पेव." पाटील हसले नाहीत, पण त्यांचा घोडा फुरफुरला. "बरं आहे. कोंबड्यांना दाणे टाकायला जवळ पडेल." आणि ते पुढे गेले.

 सटवाजीने पायाने ती रेघ पुसली आणि मोठी ओढली.

"पंचावन्नाचं खणा, बाबा."

"भरशील कशानं?"

"ज्वारीनं. साठ मण आलीय की."

"लेका, पेव गळ्यापर्यंत भरावं लागतं. तू पंचावन्नाचं खणलंस की पंचावन्न घालावीच लागतील. मग भूक तुझी, आणि पोट पेवाचं भरत बसशील."

"तीन वर्षांनी साडेपाचशे नाणी होतील, बाबा. घरावर माडी चढेल."

बाबांनी मोठ्या रेघेकडे पाहिले, कुदळ उचलली आणि खणायला लागले. सांगायचे ते एकदा सांगून कामाला लागायचे, असा त्यांचा स्वभाव होता.

येसूला हे संध्याकाळी कळले. ती भाकरी थापत होती.

"पंचावन्न त्यात, मग घरात पाच मण," ती म्हणाली. "पाच मण आपल्याला अडीच महिने पुरतात. पुढं?"

"पुढं मी कामं करीन. बलुत्याबाहेरची. चाकं आहेत, पेट्या आहेत. कोष्टिणीनं लेकीच्या लग्नासाठी पेटी सांगितलीय."

"आणि राजाचा वाटा?"

"कारकून ज्येष्ठात येतो. मागची दोन्ही वर्षं ज्येष्ठातच आला. तोवर बघू."

"अहो, पण तो वाटा आत्ता घरात आहे. आत्ता बाजूला काढला तर बघावं लागणार नाही."

"येसू, सहा मण नुसते कोपऱ्यात पडून राहणार. पेवात घातले तर त्याचेही दहाच्या भावानं साठ होतील."

येसूने भाकरी उलटली. "होतील," ती म्हणाली. "पण ते साठ कुणाचे?"

सटवाजीला प्रश्न कळला नाही आणि तो पाट मांडू लागला.

माघ वद्य द्वादशीला पेव भरले. आभाळ निरभ्र होते. त्या गावात पेव बुजवताना लोक बघायला येत आणि शेवटची पाटी मालकाने स्वतः ओतायची असे. सटवाजीने ती ओतली, तेव्हा ज्वारी बरोबर गळ्याला लागली. पाटीलही आले होते. "चांगलं झालं," ते म्हणाले. तेवढ्या दोन शब्दांवर सटवाजी महिनाभर खुशीत होता.

कारकून मात्र ज्येष्ठात आला नाही. तो चैत्र वद्य षष्ठीला आला. ऊन कडक होते, वारा नव्हता. राजाने नदीवर पूल बांधायला घेतला होता आणि मजुरांना ज्वारी द्यायची होती, म्हणून त्या वर्षी वाटा लवकर गोळा होत होता. कारकून शांत, घामाघूम आणि सभ्य होता. त्याने गोठ्याच्या दारात छत्री मिटली आणि वही उघडली.

"सटवाजी सुतार. साठ मण बलुतं, वाटा सहा मण."

"साहेब, थोडं थांबावं लागेल."

"किती थोडं?"

सटवाजीने सांगितले की तीन वर्षे. मग त्याने सगळे पहिल्यापासून सांगितले. कारकुनाने मध्ये एकदाही अडवले नाही. शेवटी त्याने विचारले, "म्हणजे राजाची सहा मण ज्वारी तुझ्या पेवात आहे?"

"माझीच ज्वारी आहे, साहेब."

"चोपन्न मण तुझी आहे. सहा मण कधीच तुझी नव्हती. खळ्यावरून इथवर आणायचे कष्ट फक्त तू घेतलेस, त्याबद्दल आभार." त्याने वहीत काहीतरी लिहिले. "आठ दिवसांनी परत येतो. तेव्हा सहा. त्यानंतर दिलेस तर साडेसात. हा नियम मी केलेला नाही."

त्या दिवशी घरात दोन मणच ज्वारी उरली होती. कोष्टिणीच्या पेटीसारखी किरकोळ कामे मिळत, पण त्यांतून दोन-चार पायल्या येत, सहा मण नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील स्वतः गोठ्यापाशी आले. "कळलं मला," ते म्हणाले. "पेव कशाला फोडतोस? पंचावन्नाचं पेव, गावाची शोभा आहे. लागेल तेवढी ज्वारी माझ्याकडून ने. सुगीला दिढीनं परत कर, एक मणाला दीड. गावातलाच माणूस तू."

सटवाजीचा चेहरा उजळला. पाटील गेल्यावर तो म्हणाला, "बघ, सुटलं. पेव राहिलं."

येसूने चिंचोक्यांचा डबा काढला आणि जमिनीवर बसली. एक चिंचोका म्हणजे एक मण. राजाच्या वाट्याचे सहा मांडले. पुढच्या सुगीपर्यंत दहा महिने, महिन्याला दोन मण, म्हणून वीस मांडले. घरातले दोन त्यांतून उचलले. "चोवीस मण लागतात," ती म्हणाली. मग तिने प्रत्येक दोन चिंचोक्यांशेजारी एकेक ठेवत आणखी बारा ठेवले. "पुढच्या माघात छत्तीस मण पाटलांच्या घरी जाणार. बलुतं काही दर वर्षी साठ येत नाही. पन्नास धरा. छत्तीस गेले, पाच राजाला गेले. राहिले नऊ."

"नऊ," सटवाजी म्हणाला.

"नऊ मणात वर्ष काढायचं. नाही निघालं की परत पाटील. तीन वर्षांनी ते पेव फोडाल तेव्हा आतली ज्वारी पाटलांची असेल. तुम्ही नुसतं झाकण उघडून द्यायचं."

सटवाजीने चिंचोके पुन्हा मोजले. पलीकडून बैलाने जीभ लांब करून एक चिंचोका उचलला.

"हा बैलही दिढीवालाच निघाला," येसू म्हणाली, आणि दोघेही हसली. ते हसणे फारसे आनंदाचे नव्हते, पण त्यानंतर सटवाजी उठला आणि लिंबाजीबाबांना बोलवायला गेला.

पेव फुटले ते चैत्र वद्य नवमीला. शिळा बाजूला झाली तसा आतून उबट वास आला. सटवाजी घाईत होता. त्याने पाय आत सोडले. लिंबाजीबाबांनी त्याच्या दंडाला धरून त्याला मागे ओढले.

"थांब. आत वारा नाही."

त्यांनी पणती पेटवून दोरीला बांधली आणि हळूहळू आत सोडली. हातभर खाली जाताच ती विझली. बाबांनी ती वर घेतली, पुन्हा पेटवली, पुन्हा सोडली. पुन्हा विझली.

"ही तुझ्याआधी जाऊन आली म्हणून बरं," ते म्हणाले. "उद्या सकाळी बघू."

दुसऱ्या सकाळी पणती ज्वारीला टेकेपर्यंत जळत गेली. मग सटवाजी उतरला. दिवसभर पाट्या वर आल्या. ज्वारी उत्तम होती, मोत्यासारखी. दोन वर्षे दहा महिने आणखी राहिली असती तर तशीच राहिली असती.

पण आता पंचावन्न मण ज्वारी ठेवायची कुठे? गोठ्याचा अर्धा भाग, त्यात चार माणसे आणि सुताराची हत्यारे. दोन कणग्या भरल्या. मग पाण्याचा रिकामा रांजण भरला, पाळणा भरला, अर्धवट झालेली तीन खोकी भरली. तिसऱ्या दिवशी कोष्टीण आली.

"माझी पेटी झाली का, सटवाजीदादा?"

"झाली, वहिनी."

"मग द्या."

"भरलीय."

"कशानं?"

"ज्वारीनं."

"मी रिकामी सांगितली होती," कोष्टीण म्हणाली.

"तुम्ही चार दिवस थांबा," आतून येसू म्हणाली, "नाहीतर मुलीला तशीच भरलेली द्या. सासर खूश होईल."

कोष्टीण चार दिवस थांबली.

कारकून ठरल्या दिवशी आला, सहा मण मोजून घेतले, वहीत खूण केली आणि पाणी पिऊन गेला. लिंबाजीबाबांना कामाचा एक मण दिला. वर्षाच्या गरजेचे अठरा मण ठेवले. राहिले तीस मण. सटवाजीला वाटले, ते पुन्हा पेवात घालावेत. बाबांनी मान हलवली. "ह्या ज्वारीला वारा लागला. पेवालाही लागला. भिंती परत भाजायच्या, वाळवायच्या, तोवर पाऊस येईल. आणि पंचावन्नाच्या पोटात तीस घालून वर काय, हवा भरणार?"

वैशाख संपता संपता कोपऱ्यातल्या खोक्यांतल्या पाच मणांना कीड लागली. ते तेल्याच्या बैलांनी खाल्ले. राहिलेले पंचवीस मण विकायला काढले. भाव चारचा होता, पण सुताराला ठेवायला जागा नाही हे सगळ्या गावाला ठाऊक होते. तीनच्या भावाने पंचाहत्तर नाणी आली.

"तीस मणाचं खणलं असतं तर," सटवाजी एके दिवशी रंधा मारता मारता म्हणाला.

"तर आत्ता बैलाचं तोंड बघत तीन वर्षं मोजत बसलो असतो," येसू म्हणाली. "आता जास्त मोजायची. मोजता येतं आपल्याला."

तिने ती पंचाहत्तर नाणी गाठोड्यात बांधून ठेवली नाहीत. सटवाजीला रानात पाठवून सागाचे दोन ओले ओंडके आणवले. ते त्याने कापून सावलीत रचले. घराला लाकूड लागणारच होते, आणि सुताराला ओल्या भावात घेऊन स्वतः वाळवता येत होते. त्या फळ्यांवर मुली दुपारी झोपत.

पुढच्या माघात पन्नास मण बलुते आले. या वेळी येसू खळ्यावर स्वतः गेली. ज्वारी घरी यायच्या आधी तिथेच तिने राजाचे पाच मण निराळ्या पोत्यांत भरले आणि पोत्यांची तोंडे शिवून टाकली. घरी आल्यावर खाण्याचे अठरा आणि भाड्या-तेलामिठाचे सहा मण कणग्यांत घातले. मग एक लहान कणगी घेऊन तिच्यात तीन मण वेगळे ठेवले.

"हे कशाचे?" सटवाजीने विचारले.

"माहीत नाही."

"माहीत नाही तर ठेवायचे कशाला?"

"माहीत नाही म्हणूनच."

राहिले अठरा मण. लिंबाजीबाबांनी अठरा मणांचे पेव खणले. ते इतके लहान होते की बाबांना आत उतरून नीट वळता येईना. पाटील घोड्यावरून आले, थांबले, वाकून पाहिले.

"ह्याला काय म्हणायचं, सटवाजी?"

"पेवच म्हणतो मी, पाटील. आपण काहीही म्हणा." मग त्याने विचारले, "माझं ते मोठं पेव रिकामं पडलंय. भाड्यानं पाहिजे का? वर्षाला दोन मण."

पाटलांच्या घरी त्या वर्षी ज्वारी पेवांत मावली नव्हती. त्यांनी जरा वेळ घोड्याच्या मानेवर थोपटले आणि हो म्हणाले. त्या दोन मणांतून लिंबाजीबाबांचे खणायचे कष्ट फिटले.

कारकून त्या वर्षी फाल्गुनातच आला. येसूने शिवलेली पाच पोती दारात ओढून ठेवली. कारकुनाने शिवण पाहिली, वजन पाहिले.

"उसवू का?"

"उसवा. मोजूनच न्या."

त्याने मोजले. बरोबर पाच मण भरले. "या गावात आज मला पहिल्यांदाच छत्री मिटावी लागली नाही," तो म्हणाला आणि निघाला.

श्रावणात सटवाजीच्या अंगठ्याला पटाशी लागली. जखम चिघळली आणि दीड महिना त्याला हत्यार धरता आले नाही. वैद्याला द्यायचे होते, किरकोळ कामांचे येणे बंद होते. शेजारी म्हणू लागले, "पेव आहे की, फोडा." सटवाजीने येसूकडे पाहिले. येसूने लहान कणगी उघडली. भाद्रपद सरेपर्यंत तिच्यातले तीन मण संपले आणि अंगठाही बरा झाला. माळावरची शिळा जागची हलली नाही.

तिसऱ्या सुगीला बलुते चाळीसच मण आले. राजाचे चार, घरचे चोवीस, लहान कणगी पुन्हा भरायला तीन. नऊ राहिले. पाटलांकडून पेवाच्या भाड्याचे दोन आले, त्यांतला एक लिंबाजीबाबांना गेला. दहा मणांचे दुसरे पेव झाले. मुलींनी त्याला चिमणीचे पेव नाव ठेवले. त्यापुढच्या दोन्ही सुगींना काहीच उरले नाही, म्हणून त्यांनी काहीच खणले नाही. त्याचे त्यांना वाईट वाटले नाही. जेवणे वेळेवर होत होती.

पाचव्या सुगीनंतरच्या पावसाळ्यात मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली, पुढची नक्षत्रेही तशीच गेली. भाव सहावर गेला, सातावर गेला. कार्तिक शुद्ध चतुर्थीला बाजारात मणाला नऊ नाणी सांगत होते.

"दहा होऊ दे," सटवाजी म्हणाला. "लोक म्हणतात, होणार."

येसू सुपात ज्वारी पाखडत होती. "लाकूड आहेच. बाकी घराला किती लागतात?"

"दोनशे पंचवीस."

"अठ्ठावीस मणाचे नवानं किती होतात?"

"दोनशे बावन्न."

"मग?"

सटवाजी उठला. त्याने दोरी आणि पणती घेतली आणि लिंबाजीबाबांच्या घराकडे गेला. बाबांची नजर आता मंद झाली होती, म्हणून पणती सटवाजीने सोडली आणि जळते का विझते ते बाबांना सांगितले. दोन्ही पेवे एका दिवसाच्या वाऱ्यानंतर रिकामी केली. ज्वारी माळावरूनच गाड्यांत भरली आणि बाजारात नेली, त्यामुळे कोष्टिणीच्या घरची कुठलीही वस्तू अडकली नाही. आठ दिवसांनी भाव अकरावर गेला. दोघांनी तो ऐकला आणि जेवायला बसली.

फाल्गुन शुद्ध पंचमी. सकाळी थोडे ढग, दिवस चढल्यावर ऊन, वारा नाही. त्या दिवशी सटवाजी आणि येसू मुलींसह नव्या घरात राहायला गेली. जागेला एकशे वीस नाणी गेली. दगड, कौले आणि मजुरीला एकशे पाच गेली. सत्तावीस नाणी शिल्लक राहिली. घराला दोन खोल्या आणि एक ओसरी होती. माडी नव्हती.

या गोष्टीतून घ्यायचे ते एवढेच: जे लागणारच आहे ते आधी बाजूला काढावे, आणि पेव उरेल तेवढेच खणावे.